कणकेवरची पावलं

ऑक्टोबर लागला की शिकागोजवळ नेपरव्हिलच्या आमच्या परसात तिसऱ्या प्रहरी जे ऊन उतरतं, त्याला त्याचा स्वतःचा वास असतो. वाळत चाललेली मेपलची पानं, त्यांच्याखाली दबून राहिलेली ओल आणि शेजाऱ्यांनी हंगामातलं शेवटचं म्हणून कापलेलं गवत, या सगळ्यांचा मिळून तो वास होतो, आणि ऊन अंगावर असतानाही कुठून तरी शहारा येतो. अशाच एका उन्हात माझ्या नातीचा, रेवाचा, चिकू हरवला.

चिकू म्हणजे हेजहॉग. ओंजळीत मावेल एवढा, पाठभर काटे असलेला, घाबरला की तोंड आणि पाय पोटाशी ओढून नुसता गोळा होणारा प्राणी. इथल्या रानात तो नसतो. तो दुकानातून आणायचा, काचेच्या पेटीत दिव्याच्या उबेत ठेवायचा आणि दिवसभर झोपू द्यायचा. त्याचे वाडवडील आफ्रिकेतले, त्यामुळे त्याला थंडी सोसत नाही. गारठला की त्याला झोप लागते, आणि त्या झोपेतून तो बहुधा उठत नाही. हे मला रेवानंच समजावलं होतं, अर्धं इंग्रजीत, अर्धं हातवारे करून. मला तो पहिल्या दिवसापासून आपला वाटला. घरी पाहुणे आले की तो पेटीत गोळा होई आणि मी चहा टाकायला आत जाई.

त्या दिवशी रेवानं त्याला तारेच्या कुंपणात गवतावर सोडलं होतं. ती पाणी प्यायला आत आली, तेवढ्यात जिथं जमीन जराशी खोलगट होती तिथून तो तारेखालून निसटला. आम्ही दोघींनी गुडघ्यांवर बसून झुडपं धुंडाळली. संध्याकाळी मंदार, माझा मुलगा, शिकागोच्या गाडीनं आला आणि ऑफिसच्या कपड्यांनिशीच डेकखाली आडवा झाला. हा लाकडी डेक घराच्या मागच्या दाराला लागून आहे, आणि त्याच्याखाली हातभर काळोख आहे. त्या काळोखातून मंदार बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत कोळिष्टकं होती आणि हात रिकामे होते.

"इट्स माय फॉल्ट," रेवा म्हणाली.

"भूक लागली की येईल गं तो," मंदार म्हणाला. "आपण फूड ठेवू."

शाल्मलीनं, माझ्या सुनेनं, फोन बघत हळूच सांगितलं, "वीकएंडला फ्रॉस्ट आहे म्हणतायत." फ्रॉस्ट म्हणजे रात्री हिव पडणं, हे मला या घरात कुणी सांगायला नको, माझी कोथिंबीर दरवर्षी त्यातच जाते. पण त्या संध्याकाळी तो शब्द ऐकून रेवानं खाली मान घातली, आणि मला पहिल्यांदाच त्या शब्दाची भीती वाटली.

मग त्याला बोलावण्याचे उद्योग सुरू झाले. मंदारनं प्लास्टिकचं एक मोठं खोकं उपडं केलं आणि त्याला एका बाजूनं चिकू तेवढा शिरेल एवढं दार कापलं, म्हणजे मोठ्या जनावराला आत जाता येऊ नये. वर वीट ठेवली. खोक्यात रेवानं वाळकी पानं भरली आणि वाटीत मांजरांचं कोरडं खाणं ठेवलं. त्याचा वास मला सोसेना, पण चिकूचं ते आवडीचं. मला वाटलं, एवढा जीव उपाशी आहे, तर मी बशीत कोमट दूध घेऊन आले. रेवानं माझ्या हातातली बशी काढून घेतली.

"नो मिल्क, आजी. त्याचं पोट बिघडतं. फक्त पाणी."

"दुधानं कुणाचं पोट बिघडतं होय?"

"डॅडचं बिघडतं," ती म्हणाली, आणि तिकडून मंदार ओरडला, "माझं नाव कशाला मधे?" त्या दिवसात तेवढंच काय ते कुणी हसलं.

खाणं संपलं तरी ते कुणी खाल्लं हे कसं कळायचं? रेवानं कुठंसं वाचलं होतं की दारापुढं पीठ भुरभुरावं, म्हणजे पावलं उमटतात. हे काम मात्र माझ्या हातचं होतं. मी कणकेचा डबा घेतला आणि डेकच्या कडेला, खोक्याच्या तोंडापाशी, चाळणीनं कणीक पसरली. पातळ, सारखी, कुठं ढेकूळ नाही. रांगोळीआधी अंगण सारवून ठेवावं तसं ते दिसत होतं. फक्त त्यावर काही काढायचं नव्हतं. कुणी तरी येऊन काढून जावं म्हणून वाट बघायची होती.

सकाळी चहाच्या आधी मी ती कणीक बघायला जाऊ लागले. पहिल्या उजेडात दव पडून ती जराशी ओलसर झालेली असे, आणि तिच्यावर रात्रीचा सगळा गाव येऊन गेलेला दिसे. उंदराची नखं, सशाच्या उड्या, कुणाच्या तरी मांजराचं गोल पाऊल. आमच्या परसात रात्री एवढी वर्दळ असते हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मला ते वाचायला आवडू लागलं होतं आणि त्याची लाजही वाटत होती, कारण घरात एक पोर जेवत नव्हती.

मग एका सकाळी कणकेवर हात उमटलेले दिसले. तान्ह्या मुलाचे असावेत तसे, पाच लांबट बोटांचे. रेवा म्हणाली, "रॅकून." डोळ्यांभोवती काळी पट्टी असलेला, मांजरापेक्षा थोराड असा तो इथला अट्टल चोर आहे. खोक्यावरची वीट सरकली होती आणि दाराची कड दातांनी कुरतडली होती. चिकू आत असता तर काय झालं असतं, हे दोघींनाही कळलं.

मी ते हात कुठून आले ते बघत मागे गेले. कणकेबाहेरही त्यांचे पांढरे ठसे डेकच्या फळ्यांवर पुसट उतरले होते. ते कुंपणाकडून आलेले नव्हतेच. ते पायरीजवळच्या कुंडीपासून आले होते, तिथं थोडा वेळ घोटाळले होते आणि मगच खोक्याकडे वळले होते. त्या कुंडीशी मी रोज पोळी ठेवते.

लहानपणापासून माझ्या हातची पहिली पोळी घरातल्या कुणाची नसते. ती गाईची. इथं गाय नाही, दारात कुत्रंही नाही, म्हणून ती मी तूप न लावता चतकोर करून कुंडीशी ठेवते आणि जो येईल तो खाईल असं म्हणते. सकाळी जागा स्वच्छ झालेली असे. मला बरं वाटे. परक्या मुलुखातही आपल्या हातचा घास कुणाच्या तरी पोटात जातो म्हणून. कोणाच्या, ते मी कधी पाहिलं नव्हतं. त्या सकाळी ते माझ्यासमोर पिठात लिहिलेलं होतं. रोजच्या पोळीनं मीच त्यांना या दाराची वाट दाखवली होती, आणि आता त्याच वाटेवर रेवाचा चिकू कुठं तरी अंग चोरून बसला होता.

"उद्यापासून मी बाहेर काही ठेवत नाही," मी मंदारला सांगितलं.

"अगं, एका पोळीनं काय होतंय? रॅकून काय, सगळीकडेच असतात."

"नको."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पुढं वाद घातला नाही. पण हाताची सवय काही ऐकेना. दुसऱ्या दिवशी पहिली पोळी तव्यावरून उतरली आणि मी ती आपल्या ताटात वाढू शकले नाही. ती एका डब्यात ठेवून डबा फ्रिजमध्ये सरकवला. तिसऱ्या दिवशीची तिच्यावर ठेवली. अखेर शाल्मलीच्या हाती तो डबा लागला.

"अहो आई, ह्या कुणाच्या?"

मी सांगितलं. तिनं कांदा चिरायला घेतला आणि सगळ्या पोळ्या कुस्करून झक्क फोडणीच्या केल्या. "आता या घरातली गाय मीच," ती म्हणाली. रेवानं त्यातले दोन घास खाल्ले. आम्ही दोघींनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

संध्याकाळी ऊन उतरलं की रेवा आणि मी डेकच्या पायरीवर बसत असू. बोलायचं नाही, असा तिचा नियम होता. त्याला आवाजाची भीती वाटते. मला तो नियम सोपा होता. एरवी तिचं इंग्रजी धावतं आणि माझं मराठी तिच्यामागून चालत राहतं, दोघींची गाठ क्वचित पडते. पायरीवर मात्र आम्ही एकाच झुडपाकडे बघत होतो, एकच सळसळ ऐकत होतो, आणि ती पानाची निघाली की एकाच वेळी श्वास सोडत होतो. आभाळ गुलाबी होई, मग राखी. दर दिवशी हवेत थोडी अधिक धार येई. एकदा तिनं माझ्या शालीचं टोक नुसतं बोटाला गुंडाळून ठेवलं.

शनिवारी पहाटे उठले तर खिडकीची काच पांढरी होती. बाहेर गवतावर, खुर्च्यांवर, उरलेल्या कोथिंबिरीवर बारीक मिठासारखं हिव पडलं होतं. मी मंदारचा जुना स्वेटर साडीवर चढवला आणि बाहेर गेले. खोक्यापुढची कणीक कडक झाली होती. तिच्यावर एकच ओळ होती, इवल्याइवल्या पावलांची, मधे पोट घासल्याचा फराटा. ती ओळ आत गेली होती. बाहेर आलेली नव्हती.

मी वीट काढली आणि खोकं उचललं. पानांच्या अगदी तळाशी तो होता, गोळा होऊन. हाताला दगडासारखा गार लागला. मी रेवाला हाक मारली. मला वाटतं, या घरात मी इतक्या मोठ्यानं कधीच बोलले नव्हते. ती अनवाणीच धावत आली, मागून फोन कानाला लावलेला मंदार. जनावरांचा दवाखाना अजून उघडायचा होता. पलीकडून कुणी तरी सांगत होतं, दिव्याजवळ नेऊ नका, गरम पाणी नको, अंगाच्या उबेनं हळूहळू.

मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले आणि त्याला स्वेटरच्या आत, पदराच्या एका घडीत, पोटाशी धरलं. काटे पातळातून टोचत होते. ते टोचताहेत तोवर आत जीव आहे, असं धरून मी देवाचंही नाव न घेता नुसती बसले. रेवा माझ्या पुढ्यात बसली, मग वाकली, मग तिनं माझ्या पोटाला कान लावला, लहान होती तेव्हा लावायची तसा. शाल्मलीनं ओट्याचा दिवा मालवला. खिडकीतून येणारा उजेड हळूहळू पिवळा होत गेला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. पोटाशी काही तरी फुसफुसलं, रागावल्यासारखं, अगदी बारीक. रेवानं डोळे मोठे केले. मग काट्यांची टोकं जराशी सैल पडली आणि त्यांच्यामधून काही तरी ओलं, थंड, टाचणीच्या डोक्याएवढं माझ्या कातडीला लागलं. त्याचं नाक होतं.

मंदार खोक्याखालची खाण्याची वाटी घेऊन दारात आला. त्यानं ती आम्हाला दाखवली. ती काठोकाठ भरलेली होती.

"चिकू डिडन्ट ईट?" रेवा माझ्या पोटाशीच कुजबुजली. मग थोड्या वेळानं, "मग आला कशाला, आजी?"

मीही या घरात काही जेवणासाठी आले नव्हते; मला बहुतेक ते सांगता आलं असतं. पण तो आता कुठं उलगडायला लागला होता, आणि बोलले असते तर पोट हललं असतं.