साडेचारचं विमान

आमचे हे तिकीट एजंट. बत्तीस वर्षं जिन्याखालच्या खोलीत बसून त्यांनी लोकांना जगभर पाठवलं, स्वतः मात्र विमानात पाय ठेवला नाही. कुठलेही दोन विमानतळ विचारा, अंतर आणि वेळ तोंडपाठ. लेक लग्न होऊन परदेशी गेली तेव्हा मी ढसाढसा रडत होते, तर हे म्हणतात, "अगं, सहा हजार सातशे किलोमीटर. आठ तास चाळीस मिनिटं. एक झोप काढलीस की पोचलीस." एवढी झोप मला लग्न झाल्यापासून मिळालेली नाही.

गिऱ्हाईक उशिराच येतं, म्हणून हे प्रत्येकाला विमानाची वेळ दोन तास आधीची सांगायचे. ती खोड पुढे घरात शिरली. लग्न सातला असेल तर मला पाचला आहे म्हणून सांगणार. दोन वर्षं मी रिकाम्या हॉलमध्ये खुर्च्या मांडणाऱ्यांशी गप्पा मारल्या. मग शहाणी झाले. ह्यांनी वेळ सांगितली की मनातल्या मनात दोन तास मिळवायचे. ह्यांना पत्ताच नाही. संसार झकास चालला होता.

लेकीला दिवस गेले. पहिलटकरीण, आणि तिकडे जावई सोडून आपलं असं कुणी नाही. "आई, मला भीती वाटते गं. बाळ व्हायच्या आत या," एवढंच तिचं म्हणणं. मेल्या व्हिसाने अंत पाहिला. हातात आला तेव्हा डॉक्टरांच्या तारखेला तीन दिवस उरले होते, आणि विमान रोज एकच.

"साडेचारचं विमान आहे," हे म्हणाले. म्हणजे साडेसहाचं, मी धरून चालले. निवांत फ्रिज रिकामा केला, चादरी धुतल्या, कुंड्या शेजारणीकडे पोचवल्या. हे बूट घालून दारात घामाघूम. "अगं, आटप." ही तर रोजचीच कटकट.

विमानतळावर काउंटर बंद. तिथली मुलगी म्हणाली, "साडेचारचं विमान आहे, आता नाही घेता येणार."

"बाई, साडेसहाचं असेल. नीट बघ," मी म्हटलं.

हे माझ्याकडे बघतच राहिले. हळूहळू त्यांच्या डोक्यात उजेड पडला. "ह्या वेळी खरी सांगितली होती गं," म्हणाले. "लेकीचं काम. खोटं सांगवेना."

ओरडले असते तर बरं झालं असतं. गपचूप जाऊन दुसऱ्या दिवशीची तिकिटं घेऊन आले आणि बाकावर माझ्या शेजारी बसले. तेवढ्यात फोन वाजला. लेक दवाखान्यातून बोलत होती. कळा सुरू झाल्या होत्या.

"बाबा, बसलात ना विमानात?"

"नाही गं. चुकलं. माझीच चूक. तुझ्या आईला मी वेळ चुकीची सांगितली."

मी त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला आणि सगळं कबूल केलं. मी कशी दोन तास मिळवत आले, आजही कसे मिळवले.

तिकडे ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. "आई, मीपण शाळेत असल्यापासून तेच करते. फोन ठेवू नका फक्त."

आम्ही ठेवला नाही. एकदा हे धरायचे, एकदा मी. पाच तासांनी त्या बाकावर बसूनच आम्ही नातीचं पहिलं रडणं ऐकलं.