रोवण्यातलं शिबिर

आमच्या सेवाक्लबचं वर्ष जुलैत सुरू होतं. नवा अध्यक्ष, नवा सचिव, गळ्यात पदाचा पट्टा, पितळी घंटेचा एक टोला, सगळं जुलैच्या सुरुवातीला. आणि गोंदियाजवळच्या गोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात जुलैत रोवणा सुरू होतो. धानाचे पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, उपटायचे आणि चिखल केलेल्या खाचरात, बांधीत, लावायचे, तेही पाणी आहे तोवर. त्या दिवसांत गावात गेलं तर दाराला कडी आणि ओसरीवर कुत्रं, एवढंच सापडतं. या दोन गोष्टी एकाच महिन्यात येतात हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरीही मी जो घोळ घालायचा तो घातलाच.

गोंदियाला कॉलेजात होते तेव्हा एका मैत्रिणीने मला क्लबच्या तरुण शाखेत ओढलं. शनिवारी दुपारी बैठक असायची. मी दाराजवळची खुर्ची धरायची. एसटी गाठायला बरं पडतं, असं सांगायची. खरं कारण वेगळं होतं. शहरातली मुलं फाडफाड हिंदी बोलायची, आणि आपल्या तोंडून 'मले', 'तुले' निघालं तर काय, या धास्तीने मी गप्प बसून राहायची.

आमच्यावर लक्ष ठेवायला मोठ्या क्लबने एक गृहस्थ दिले होते. बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान. सगळे त्यांना भैयाजी म्हणत. त्यांनी मला आभार मानायचं काम दिलं. मी कागदावरच्या चार ओळी वाचल्या आणि पाहुण्यांचेच आभार विसरले. पुढच्या शनिवारी भैयाजींनी पुन्हा मलाच उभं केलं. त्याच्या पुढच्या शनिवारीही. तिसऱ्या वेळी तर माझा कागद काढून घेऊन स्वतःच्या खिशात घातला. मला इतका राग आला की त्या रागाच्या भरात मी नीट बोलून गेले.

दोन वर्षांनी मी शाखेची अध्यक्ष झाले. त्यात माझी हुशारी थोडीच. माझ्या पुढचे दोघं नोकरीसाठी नागपूरला निघून गेले होते. घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "एक साल करून पाय. गावाले काई उपेग झाला तं ठेव, नाई तं सोडून दे." पदग्रहणाला घरचं कोणी आलं नाही. पऱ्हे उपटणं चालू होतं.

त्याच दिवशी, गळ्यात नवा पट्टा असताना, मी जाहीर केलं की पहिला उपक्रम माझ्या गावात, डोळे तपासणीचं शिबिर. टाळ्या पडल्या. तारीख कोणती, असं कोणीतरी विचारलं, तर भैयाजी म्हणाले, "इसी महीने रख लो. जुलाई में तो सब फुरसत में रहते हैं. माझ्या दुकानात तर चिटपाखरू येत नाही." लग्नसराई संपली की त्यांची भांडी खपत नसत, म्हणजे गाव रिकामं बसलेलं असणार, असा त्यांचा सरळ हिशोब.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बोलले असते तर पुढे सांगावं लागलं असतं की आमची शेती ठेक्याची, दुसऱ्याच्या जमिनीवरची आहे, आणि आपल्या बांध्या झाल्या की आई मजुरीने दुसऱ्यांच्या रोवण्याला जाते. त्या चकचकीत सभागृहात, पट्टा घालून, मला ते सांगायची लाज वाटली. मी मान डोलावली. आज लिहितानाही त्या मान डोलावण्याची मला शरम वाटते.

शिबिराच्या रविवारी आम्ही शाळेच्या व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या, अक्षरांचा तक्ता टांगला. गोंदियाहून डॉक्टर आले. नऊ वाजले, दहा वाजले. एक निवृत्त गुरुजी आले, त्यांच्याकडे नवा चष्मा होताच. दोन म्हातारे आले आणि पाऊस थांबेपर्यंत बसले. डॉक्टरांनी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचला. जाताना म्हणाले, "लोक नसतील तर मला पुन्हा बोलावू नका." त्यांचं काही चुकलं नव्हतं.

मी तशीच शेतावर गेले. इस्त्रीची साडी, गळ्यात पट्टा, हातात चपला. वीसेक बाया ओळीने वाकून लावत होत्या, त्यात माझी आईही होती. एकीने मान वर करून विचारलं, "कायले आलीस वो? आता रोवणा सोडून का डोये दाखवाले येऊ?" बाकीच्या हसल्या. आई हसली नाही. तिने हातातली जुडी सोडवली आणि म्हणाली, "शहरातल्यानं केलं असतं तं समजलं असतं. तुले तं मालूम होतं ना?"

मी तशीच मागे वळले. शाळेत परतले तर सगळे पांगले होते. भैयाजी मात्र त्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये एकटे बसले होते. मी पट्टा काढून त्यांच्यासमोर धरला आणि रडत रडत सगळं सांगितलं, आईचं, ठेक्याचं, लाजेचं, सगळं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "रोवणा कितने दिन चलता है?" मी सांगितलं. "फिर कब आएँ?" मी म्हटलं, मला काय माहीत. त्यांनी पट्टा पुन्हा माझ्या गळ्यात घातला. "तो मेरे सामने क्या रो रही है? जा, त्यांना विचार."

मी पुन्हा चिखल तुडवत गेले. या वेळी साडी खोचून बांधीत उतरले, आईशेजारी उभी राहून लावायला लागले, आणि लावता लावता विचारलं. बायांनी आपसात खल केला. "पोळा होऊ दे," असं ठरलं. डॉक्टरांना मनवायला भैयाजी आणि मी तीनदा गेलो. पोळ्यानंतर शिबिर झालं तेव्हा व्हरांडा पुरला नाही, डॉक्टरांचा डबा तसाच राहिला. आईलाही चष्मा लागला. रात्रीच्या जेवणाला बाबा एवढंच म्हणाले, "ठेव मंग."

पुढे कित्येक वर्षं माझी पक्की समजूत होती की भैयाजींनी मला मुद्दाम पडू दिलं, शिकावं म्हणून. भाषणांतून मी हे मोठ्या कौतुकाने सांगायची. एकदा त्यांच्या तोंडावरच सांगितलं, तर ते पोट धरून हसले. "नहीं बेटा, मला खरंच माहीत नव्हतं! मी भांडेवाला!" माझं ते भाषण तिथेच बाद झालं, आणि भैयाजी मला आणखी आवडायला लागले. तसे त्या रविवारनंतर ते बदलले होते. बैठकीची घंटा वाजवायच्या आधी ते खेड्यातून आलेल्या मुलांकडे, दाराजवळच्या खुर्च्यांकडे वळून विचारायचे, "गाँव में क्या चल रहा है?" उत्तर आल्याशिवाय टोला पडत नसे. आता तरुण शाखेवर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आहे. मीही विचारते, आणि दाराजवळची पोरं माझ्यासारखीच आधी लाजतात.

भैयाजी हल्ली नागपूरला लेकीकडे असतात. या जुलैत, मी शेतावर असताना, त्यांचा फोन आला. मोतीबिंदू पिकलाय, डॉक्टर तारीख मागतोय. "तुमचा रोवणा कधी आटोपतो? तू सोबत पाहिजेस बेटा. त्याच्यानंतरची घेतो."

मी म्हटलं, भैयाजी, माझ्यासाठी कशाला थांबता, लवकर करून घ्या.

"नहीं," ते म्हणाले. "पिछली बार बिना पूछे तारीख रखी थी."

"थांबा," मी म्हटलं, "विचारून सांगते." आणि बांधीत वाकलेल्या आईला हाक मारली.

"चार रोज राहिले," आई म्हणाली. "काऊन?"

"भैयाजींच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे."

तिने कंबर सरळ केली, चिखलाचा हात पाण्यात धुतला. "मंग पाचव्या रोजी ठेवा म्हणा," ती म्हणाली. "मीबी येतो."