पपईचा दांडा

मुंबईला विद्यापीठाच्या संगीत विभागात मी जॅझ शिकते, सॅक्सोफोनवर. सुट्टीत रोह्याला आले की कुंडलिकेच्या काठी रियाज करायचे. पलीकडच्या अष्टमी गावाला जोडणाऱ्या पुलावरून रोज एक म्हातारे सनईवाले सायकल ढकलत जायचे. आमच्याकडे वरातीपुढे खालू बाजा असतो, त्यातले. क्षणभर ऐकायचे, नाही म्हटल्यासारखी मान हलवायचे आणि निघून जायचे. मला भयंकर राग यायचा.

एके सकाळी ते खाली उतरले. "सूर चांगला हाय गो, पन दर दमाला तुटतो. वरातीत मी असा थांबलो तर नाचणारे सोडतील व्हय मला?"

मग त्यांनी पपईच्या पानाचा पोकळ दांडा माझ्या पाण्याच्या बाटलीत बुडवला आणि फुंकू लागले. गालातली हवा सोडता सोडताच नाकाने श्वास घेत होते. बुडबुडे थांबलेच नाहीत.

महिनाभर मी नुसते बुडबुडे काढले. परीक्षेच्या मैफलीत एक सूर इतका लांबवला की साथीचा ड्रमवाला वळून बघायला लागला. परीक्षकांनी विचारलं, "हे परदेशात शिकलीस का?"

"नाही," मी ताठ मानेने सांगितलं, "रोह्याला. खालू बाजात."