अंबुबाईनं बदललेला फोन

मंगळवेढ्याजवळच्या माळावर अंबुबाईची साठ मेंढरं चरतात. प्रत्येकीला नाव नाही, पण शिवी वेगळी आहे. नवरा गेल्यापासून ती एकटीच कळप सांभाळते. म्हणून सोलापुरात नोकरी करणाऱ्या लेकीनं, पूनमनं, तिला नवा फोन आणून दिला. बटणांचा होता, पण बोलताना त्यात पूनमचं तोंडही दिसायचं. अंबुबाई खूश झाली. चार दिवस.

पाचव्या दिवशी भर दुपारी माळावर एक मेंढी अडली. कोकराचा एकच पाय बाहेर आलेला. अंबुबाईनं जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला, तर रेंजच नाही. शेळ्या घेऊन आलेला बिरुदेव शेजारीच होता. त्याच्या फोनला दुसऱ्या कंपनीचं कार्ड, त्याची रेंज भरून वाहत होती. डॉक्टरचा नंबर अंबुबाईच्या फोनात होता, म्हणून तिनं त्याचं कार्ड काढून आपल्या फोनात घातलं. फोन म्हणाला, हे कार्ड चालणार नाही. तिनं फोनला जे म्हटलं ते इथं लिहिता येणार नाही. शेवटी बिरुदेवच्याच फोनवरून डॉक्टरला बोलावलं, पण तोवर उशीर झाला होता. मेंढी वाचली, कोकरू गेलं.

दुसऱ्या दिवशी ती गुरुशांतच्या मोबाइलच्या दुकानात उभी.

"मावशी, ह्याला आतनं कुलूप हाय. एकाच कंपनीचं कार्ड घेतंय."

"किल्ली कुणाकडं?"

"कंपनीकडं."

"मग फोन कुणाचा? उद्या मी मेंढी इकली आन् घेणाऱ्याला सांगितलं, ही माझ्याच रानात चरंल, तुझ्या रानात तोंड उघडायची न्हाय, तर त्यो मला पायताणानं हाणंल का न्हाय?"

गुरुशांत हसला. मग त्यानं ड्रॉवरमधून एक जुना, कडा झिजलेला फोन काढला. दोन कार्डं बसायची, कुठल्याही कंपनीची. अंबुबाईनं तिथंच दोन कार्डं घालून बघितली, बिरुदेवला फोन करून दोन शिव्या दिल्या, आणि नवा फोन देऊन जुना घेतला.

संध्याकाळी फोनवर पूनम चिडली. "आये, त्यात माझं तोंड दिसत हुतं की!"

"तुझं तोंड मला पाठ हाय. डॉक्टर कुटं पाठ हाय?"

पूनम म्हणाली, "बरं. मीच येते रविवारी." आणि आली.

पुढच्या महिन्यात आणखी दोन मेंढ्या अडल्या. डॉक्टरचा फोन पहिल्या झटक्यात लागला, त्यानं फोनवरच काय करायचं ते सांगितलं, दोन्ही कोकरं जगली. माळावरच्या बायका आता फोन घेण्याआधी अंबुबाईला विचारतात.

फक्त एक घोळ झाला. तिचा भाऊ जोतिराम माळशिरसहून रोज आपल्या सुनेच्या तक्रारी सांगायला फोन करू लागला. परवा अंबुबाई वैतागून ओरडली, "जोत्या, हितं रेंज न्हाय!"

"मग बोलतीयास कशी, आक्का?" जोतिराम म्हणाला, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला.