दुसरं वाढणं

माझं वजन हा आमच्या घरात बरीच वर्षं चेष्टेचा विषय होता. मोटारसायकलवर मी मागे बसलो की धाकटा भाऊ म्हणायचा, "दादा, समोरचं चाक उचलून राहिलं, जरा पुढं सरक." मीही हसायचो. पांढुर्ण्यात माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. दिवसभर बसून राहायचं, येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याबरोबर चहा घ्यायचा आणि घरी जाऊन आईच्या हातचं जेवायचं. वजन वाढायला आणखी काय लागतं? मग त्याच भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, आणि माझ्या वजनावर हसायचं सगळ्यांनी सोडून दिलं.

तपासण्या झाल्या. माझी किडनी त्याला जुळत होती. घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण नागपूरच्या डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि स्पष्ट सांगितलं, "एवढ्या वजनावर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. आधी वजन उतरवा." भाऊ एक दिवसाआड रेल्वेनं नागपूरला जायचा, डायलिसिस करून संध्याकाळी परत यायचा आणि आल्या आल्या भिंतीकडे तोंड करून निजायचा. त्याची सुटका माझ्या पोटात अडकली होती. मला माझ्याच ढेरीची लाज वाटायला लागली.

मी तसा तापट आणि हट्टी माणूस. ठरवलं की ठरवलं. भात बंद, पोळी बंद, साखर बंद, तेल बंद. सकाळी लवकीचा, म्हणजे दुधी भोपळ्याचा रस, दुपारी काकडी, संध्याकाळी मोड आलेले मूग आणि वर संताप. दुकानात गिऱ्हाइकावर खेकसायचो, घरी बायकोवर. वजन भराभर उतरलं, मीही मिशीला पीळ भरला. मग नात्यातल्या एका लग्नात पंगतीला बसलो, पुरी समोर आली, आणि पुढचं काय सांगू! उतरलेलं सगळं व्याजासकट परत आलं. मग दुसरा कोणी म्हणाला फळांवर राहा, तिसरा म्हणाला नुसत्या ताकावर राहा. जाड माणसाला सल्ला द्यायला कोणाच्या बापाची परवानगी लागत नाही. ताकाच्या दिवसांत एकदा दुकानात पोतं सरकवताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी तिथंच बसलो.

डॉक्टरांनी त्या वेळचे रिपोर्ट पाहून झाप झाप झापलं. "तुमची किडनी आम्हाला धडधाकट हवी आहे. उपाशी राहून ती खराब करू नका." त्यांनी मला आहार सांगणाऱ्या बाईंकडे पाठवलं. बाई वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी विचारलं, घरी काय शिजतं? मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सगळं खा. फक्त निम्मं खा. आणि मोठं ताट काढून ठेवा, लहान घ्या." मी मनात म्हटलं, एवढं ऐकायला नागपूरला आलो?

पण केलं. पाहुण्यांना चिवडा द्यायची स्टीलची ताटली आता माझं ताट झाली. मूठभर भात, एक पोळी, वाटीभर वरण, आणि भाजी मात्र हवी तेवढी. जे ताटात आहे ते सावकाश चावून खायचं आणि उठायचं. पहिले काही दिवस मी उठताना अर्धपोटी असल्यासारखा रुसून उठायचो. नंतर ध्यानात आलं की भूक तेवढ्यात भागते, भागत नाही ती सवय. दुपारी दुकानात डुलक्या येईनाशा झाल्या. चिडचिड गेली. वरण-भाताची चव मला पन्नाशीत कळली असं म्हणायला हरकत नाही, कारण तोपर्यंत मी तो नुसता गिळत आलो होतो.

अडचण आली ती आईची. आमच्यात एकदाच वाढून कोणाला उठू देत नाहीत. पहिल्याच दिवशी मी हात धुवायला निघालो तर आई आडवी आली. "गेलेल्याच्या नावानं एकदाच वाढतेत. जित्या माणसाले दुसऱ्यांदा वाढा लागते. बैस खाली!" तिच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. मी तडजोड काढली. पोळी आधी अर्धी वाढायची, मग अर्धी. भाताचंही तसंच. वाढणं दोनदा, पण माप तेच. आई म्हणाली, "हाव, असं चालते." मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

ते काही टिकलं नाही. वजन थोडं उतरलं आणि एका जागी अडून बसलं. मी काट्याला शिव्या घातल्या, काटा बदलला. मग एक दिवस भाताची मूठ मोडली तर आत तुपाची विहीर! भाजीत शेंगदाण्याचा कूट वाढला होता. दुसऱ्यांदा येणारी अर्धी पोळी जाडजूड होत चालली होती. मी ओरडलो, तर आई म्हणाली, "पोटातलं काढून देणार हायस तू. अंगात ताकद नको?" बायको म्हणाली, सोडा, आईचं मन आहे. मी सोडून दिलं, पण आतून धुमसत होतो. भाऊ दिवसेंदिवस काळवंडत होता. त्याला पाणीसुद्धा मोजून होतं. संत्र्याच्या मुलखात जन्मलेला माणूस, त्याला संत्र्याची एक फोडही मना होती.

हिवाळ्यात सौंसरला मामांच्या बगिच्यात रोडग्यांचं जेवण होतं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, फोडून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीशी खायचे. आम्ही दोघं भाऊ संत्र्याच्या झाडाखाली शेजारी बसलो. त्याच्यापुढे त्याचं वेगळं, बेचव जेवण होतं. माझ्या ताटलीत एक रोडगा. मी तो चवीनं संपवला. खरंच पुरेसा झाला होता. तेवढ्यात आई दुसरा रोडगा आणि तुपाचं भांडं घेऊन आली.

"अर्धाच दे," मी म्हणालो.

"रोडगा कोणी अर्धा वाढते का?" आई म्हणाली. मामाही तिकडून ओरडले, "खाय रे भाचा, सणासुदीचं कायले मोजतं!" मी ताटलीवर दोन्ही हात धरले. आईनं माझे हात बाजूला सारले आणि रोडगा ठेवलाच. माझा पारा चढला. मी काही तरी वाईट बोलणार होतो. पण माझ्या आधी भाऊ बोलला. तो हल्ली फारसा बोलायचाच नाही.

"माय, तू दादाच्या ताटात जे वाढून राहिली ना, ते माह्या वाट्यातलं कमी होऊन राहिलं."

आई तशीच वाकलेली राहिली. भांड्यातलं तूप कलंडून तिच्या लुगड्यावर सांडलं तरी तिला कळलं नाही. मग तिनं माझ्या ताटलीतला रोडगा उचलला आणि चुलीकडे निघून गेली. मामांनी हाक मारली, तिनं मान वळवली नाही. मला तिचा राग आला होता तो कुठल्या कुठे गेला, आणि तिची फार दया आली.

त्यानंतर आईनं मला कधी जास्तीचं वाढलं नाही. भातात तूप सापडलं नाही. मी उठलो की ती ताटली उचलायची, एवढंच. वजन पुन्हा हळूहळू उतरायला लागलं, आणि उन्हाळा सुरू व्हायच्या सुमारास डॉक्टरांनी माझे कागद पाहून सांगितलं, "चला, आता तारीख ठरवू."

बाहेर बाकावर आई बसली होती. मी तिला सांगितलं आणि ती रडायला लागली. शेजारून जाणारी नर्स हसून म्हणाली, "आनंदाश्रू आहेत, येऊ द्या." मीही तेच समजलो. म्हटलं, "माय, रडून काय राहिली? पास झालो मी."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "तेच त," ती म्हणाली. "आता तुले अडवाले माह्यापाशी काहीच नाही राह्यलं रे."

समोरच्या दाराआड भावाला मशीन लावलेली होती. मी तिच्याजवळ बसलो आणि तो बाहेर येईपर्यंत तिचा हात सोडला नाही.