हातानं केलेली काजं

नागपूरच्या कोर्टाबाहेर झाडाखाली बसणारा एक टायपिस्ट माझ्या पक्षकारांचे अपघात भरपाईचे अर्ज टाइप करतो. पक्षकार रडायला लागला की हा मशीनवरून हात उचलतो आणि म्हणतो, "अपघाताच्या आधी काय काय करत होता, ते सांग गा." मग माणूस बोलायला लागतो.

गांधीबागेतल्या एका म्हाताऱ्या शिंप्याला ट्रकनं उडवलं. तेव्हापासून त्याचा हात थरथरतो. विमा कंपनी म्हणते, ही थरथर वयाची, अपघाताची नव्हे. मी हे वैतागून सांगत होतो, तर टायपिस्टनं अंगातला शर्टच काढून माझ्या पुढ्यात ठेवला.

"अपघाताच्या आठ दिवस आधी त्यानंच शिवला, साहेब. पावती हाये माह्यापाशी. काजं पाहा, हातानं केली. हा हात थरथरत होता काय?"

दिवसभर तो बनियनवर टाइप करत राहिला.

परवा त्याच्या अंगात नवा शर्ट दिसला. काजं वेडीवाकडी, एक तर बटणापासून चांगलं बोटभर खाली. मी म्हटलं, "हाही द्या. नुकसान किती झालं, ते जजसाहेबांना दिसेल."

त्यानं ते बटण ओढूनताणून लावलं.

"हा नाही देत, साहेब. हा त्यानं मले चार महिने बसून शिवून देल्ला."