पोचलास की फोन कर

बेंगळुरूची गाडी सोलापूर स्टेशनात लागली तेव्हा आप्पांनी माझी बॅग स्वतःच आत चढवली, कडक भाकऱ्यांची पिशवी सीटखाली कोंबली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "पोचलास की फोन कर, वाघा." समोरच्या बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग वरच्या बर्थवर दुसरं कुणी आहे का ते पाहिलं.

आमच्याकडे हे असंच. आप्पा शाळेत क्लार्क, मूळचे माढ्याकडचे. मला कधी 'आलीस' म्हणालेच नाहीत. 'आलास', 'जेवलास', 'पास झालास'. मीही 'आलो आप्पा' म्हणून मोकळी. नवी पेठेतून सायकलच्या दांडीवर बसवून शाळेला सोडताना ते गोष्ट सांगायचे. राजपुत्र राक्षसाला लोळवायचा. मी विचारायची, राजकन्या काय करती? "ती वाट बघती की! तू राजपुत्र हायस, तुला कशाला तिची काळजी?" मला लई भारी वाटायचं.

गल्लीतल्या माणसांनो, माझ्या दहावीचे पेढे तुम्ही सगळ्यांनी खाल्लेत, आठवतंय ना? डबा फिरवत आप्पा म्हणत होते, "पोरगी न्हाय, पोरगा हाय माझा!" आणि आतून भाकरी थापता थापता आई म्हणाली, "अवो, मग माझी पोरगी कुटं गेली?" सगळे हसले. मीसुद्धा.

इथे बेंगळुरूत मी मोबाईल गेमचा मराठी मजकूर बघते. मावशीला अजून वाटतं, मी ऑफिसात बसून खेळते आणि वर पगार घेते. रूममेट पुण्याची. पहिल्याच आठवड्यात माझं 'मी आलो' ऐकून तिनं अशी फिरकी घेतली, की तेव्हापासून इथे 'आले' आणि घरी फोनवर 'आलो'.

मागच्या वर्षी नवा गेम बाहेर पडायच्या आधी आप्पांच्या फोनवर टाकून दिला, दादाच्या सईसाठी. सई सात वर्षांची, नुकतीच वाचायला लागलेली. व्हिडिओ कॉलवर मी बघत होते. खेळायला मुलगा किंवा मुलगी निवडता येते. तिनं मुलगी घेतली, जीभ बाहेर काढून नदी ओलांडली, राक्षस आडवा केला. स्क्रीनवर आलं, 'शाब्बास! तू जिंकलास!' तिनं एकेक अक्षर लावून वाचलं आणि तिचा चेहराच पडला. भावाकडे वळून म्हणाली, "ओम, तू जिंकलास." ओम बाजूला शेंगा खात बसलेला. त्यानं फोनला हातही लावला नव्हता!

आप्पा भडकले. "आरं, खेळली ही आन शाब्बासकी त्याला? तुज्या हापिसात पोरी जिंकत न्हाईत व्हय?"

"आप्पा, तुम्ही तरी मला कधी 'जिंकलीस' म्हणालात?"

मागून आई, "आता बोला की!"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी हट्टाला पेटले. साहेब म्हणाले, वेळ नाही, सरसकट 'तुम्ही जिंकलात' टाका, विषय संपला. अहो, 'तुम्ही जिंकलात' म्हणजे बँकेचा मेसेज! सात वर्षांच्या पोरीला कुणी अहो-जाहो करतं का? भांडले, रुसले, शेवटी प्रत्येक वाक्य दोनदा, एकदा मुलासाठी आणि एकदा मुलीसाठी, लिहायचं काम स्वतःच्या अंगावर घेतलं. सगळ्या सुट्ट्या त्यात गेल्या. पण सुधारलेला गेम घरी पोचला तेव्हा सई किंचाळली, "आत्या, फोनला कळलं, मी हाय!" मला भर ऑफिसात रडू आलं.

दिवाळी करून परत निघाले तर आप्पा बॅग घेऊन पुढे. पिशवी सीटखाली. खिडकीशी येऊन म्हणाले, "पोचलास…" आणि अडकले. गाडी हलली तसे सोबत चालायला लागले. "पोचलीस की फोन कर गं, वाघा." 'गं' म्हणताना म्हातारा असा लाजला, की मीच मान वळवली.

खरं सांगते, 'पोचलास' मला नकोसा कधीच नव्हता. त्यात त्यांची सगळी माया होती. पण तो शब्द ऐकला की मला राजपुत्र होऊनच घरी जावं लागायचं. आता जशी आहे तशी जाते. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या पोरींनो, घर म्हणजे मला आता एवढंच कळतं.

बेंगळुरूला उतरल्या उतरल्या फोन लावला. "आप्पा, पोचले."

आप्पा काही बोलायच्या आत मागून आईचा आवाज आला. "गावली म्हना माझी पोरगी!"